पुराव्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर?

१२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरालगत एका सरकारी इमारतीच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्याला आग लागली. ही इमारत म्हणजे लष्करातून बाहेर पडलेल्या माणसांच्या सेवापुस्तिकांचा राष्ट्रीय दप्तरखाना. फायली ठेवलेल्या दालनांत पाण्याचे फवारे नव्हते आणि आग अडवणाऱ्या भिंतीही नव्हत्या. आग पूर्ण विझायला चार दिवसांहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्यात १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूसेनेतून बाहेर पडलेल्यांची सुमारे ८० टक्के दप्तरे त्यात होती. १९४७ ते १९६४ या काळात हवाई दल सोडलेल्यांच्या फायली इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या होत्या. त्यातली ‘हबर्ड’ या आडनावाच्या आधीची बचावली आणि नंतरची सुमारे ७५ टक्के जळाली. एकाच तुकडीत, एकाच मोहिमेत सोबत असलेल्या दोघांपैकी कुणाची सेवा कागदावर उरणार हे आडनावाच्या पहिल्या अक्षराने ठरले. या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपट काढलेले नव्हते, इतकेच काय, कोणती फाइल कुठे होती याची सूचीही नव्हती. त्यानंतर ज्या म्हाताऱ्या सैनिकाने पत्र लिहून विचारले की माझ्या कागदावर माझे पदक का नाही, त्याला उत्तर मिळाले की तुमचे दप्तर आगीत गेले असावे, तुमच्याकडे काही पुरावा असेल तर पाठवा.

या उत्तरात एक मोठा अन्याय दडलेला आहे. तो सहज नजरेत भरत नाही, कारण उत्तराची भाषा सभ्य असते आणि उत्तर देणारा कारकून बहुधा मनापासून मदत करू पाहत असतो. पण मुळात दप्तर ठेवण्याची जबाबदारी कुणाची होती? सैनिक लढला आणि घरी गेला. त्याच्या लढण्याची नोंद घेणे, ती जपणे आणि मागितल्यावर दाखवणे हे सरकारने स्वतःवर घेतलेले काम होते. ते काम फसले, तर त्याचा भार ज्याने काहीच चुकवले नाही त्याच्या खांद्यावर का पडावा? माझे म्हणणे एवढेच आहे की सेवेच्या नोंदीत राहून गेलेले पदक भरून देणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ते सरकारच्या स्वतःच्या विधानातली चूक दुरुस्त करणे आहे. म्हणून शोधण्याची आणि सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी सरकारची असली पाहिजे. जी पदके केवळ हजेरीने किंवा नियमाने मिळतात त्यांच्या बाबतीत तर ती संपूर्णपणे सरकारचीच.

अमेरिकेत लष्कर सोडताना १९५० पासून जो कागद मिळतो त्याला तिथे सगळे त्याच्या क्रमांकानेच ओळखतात, ‘डीडी २१४’. आपल्याकडे माजी सैनिकाच्या ट्रंकेत तळाशी जपून ठेवलेले डिस्चार्ज बुक असते, त्याच जातीचा हा कागद. भरती कधी, सुटका कधी, कुठे नेमणूक, कोणते प्रशिक्षण आणि एका चौकोनात मिळालेली पदके. पेन्शन, दवाखाना, घरकर्ज, नोकरीतले प्राधान्य, मरणोत्तर लष्करी दफन, साऱ्या दारांवर हाच कागद मागतात. त्यात चूक निघाली की मूळ कागद बदलत नाहीत, ‘डीडी २१५’ नावाची दुरुस्तीची चिठ्ठी त्याला जोडतात. म्हणजे दुरुस्तीची सोय आहे, नमुना छापलेला आहे, चुका होतात हे व्यवस्थेने मान्यही केलेले आहे. वाद आहे तो त्या चिठ्ठीपर्यंत पोचायच्या वाटेबद्दल.

नोंद राहून जाण्याची कारणे पाहिली की हा वाद सोपा होतो. आग हे त्यातले फक्त सर्वांत भडक कारण. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, मे १९४५ मध्ये, अमेरिकी भूसेनेत ८० लाखांहून अधिक माणसे होती. १९४६ च्या मध्यापर्यंत ती २० लाखांच्या आत आली. वर्षभरात साठ लाखांहून अधिक माणसांचे कागद हातघाईने टंकलिखित झाले, ज्याला घरी जायची ओढ लागली होती त्याने न वाचता सही केली, आणि कारकुनाला जे समोर दिसले तेवढेच चौकोनात उतरले. काही पदके तर तोवर घडवलेलीच नव्हती. युद्धात धातू वाचवण्यासाठी नुसत्या फिती दिल्या जात, पदक नंतर मागवून घ्यायचे. काही हक्क सैनिक घरी गेल्यानंतर जन्माला आले. युद्धकाळात प्रत्यक्ष आघाडीवर लढल्याचा ‘कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ ज्या पायदळ सैनिकांना मिळाला होता, ते सगळे ‘ब्राँझ स्टार’ला पात्र आहेत असे १९४७ मध्ये ठरले. त्या वेळी ते शेतात, कारखान्यात, कॉलेजात होते. युद्धकैद्यांसाठीचे पदक १९८५ च्या कायद्याने आले आणि ते १९१७ पर्यंत मागे जाऊन लागू झाले. म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेल्या माणसाचा हक्क तो नव्वदीला टेकल्यावर निर्माण झाला. यातल्या कुठल्याच पदकासाठी कुणाच्या शिफारशीची, मर्जीची, शौर्याच्या मोजमापाची गरज नाही. पात्रता नियमात लिहिलेली आहे आणि ती पूर्ण झाल्याचा कागद सरकारकडेच आहे किंवा होता. तरीही सर्वसाधारण रीत अशी राहिली की ज्याने अर्ज केला त्याला मिळाले. ज्याला कळलेच नाही तो न घेताच गेला.

चूक दुरुस्त करायची यंत्रणा अमेरिकेत बरीच जुनी आहे, आणि तिचा जन्मच शिकण्यासारखा आहे. १९४६ पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद बदलायची तर त्याच्या प्रतिनिधीला काँग्रेसमध्ये त्याच्या नावाचे खासगी विधेयक आणावे लागे. ज्याची ओळख त्याचे काम होई, आणि संसदेचा वेळ त्यात जाई. १९४६ च्या कायद्याने हा मार्ग बंद करून प्रत्येक दलात नोंद दुरुस्तीची मंडळे नेमायला सांगितले, नागरी सदस्यांची. मंडळाला अधिकार मोठा आहे, ‘चूक दुरुस्त करण्यासाठी किंवा अन्याय दूर करण्यासाठी’ ते कोणतीही लष्करी नोंद बदलू शकते. कायद्याच्या या शब्दांत ‘अन्याय’ चुकीच्या शेजारी वेगळा लिहिलेला आहे, म्हणजे नियम पाळूनही अन्याय होऊ शकतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. पण कामाच्या पद्धतीत दोन अडसर राहिले. एक, चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. मुदत उलटली तर न्यायाच्या हितासाठी ती माफ करण्याची मुभा मंडळाला आहे, पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. दुसरा अडसर अधिक खोल. मंडळ सुरुवातीलाच गृहीत धरते की प्रशासनाने त्या वेळी आपले काम नियमानुसार केले होते. ते गृहीतक उलथवायचे ओझे अर्जदारावर.

सामान्य परिस्थितीत हे गृहीतक वाजवी आहे. रोज चालणाऱ्या कचेरीत प्रत्येक जुन्या निर्णयाला पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसलो तर कामच होणार नाही. पण ज्या कचेरीची कपाटे जळाली, किंवा जिथे साठ लाख माणसांचे कागद वर्षभरात उरकले गेले, तिथे सारे नियमानुसार झाले असे कशाच्या बळावर धरायचे? गृहीतक अनुभवावर उभे असते, आणि इथला अनुभव नेमका उलट आहे. शिवाय या गृहीतकात मौनाला साक्ष मानले जाते. कागदावर पदक नाही, म्हणजे पदक मिळाले नव्हते. खरे तर कागदावर पदक नाही याचा अर्थ इतकाच की कागदावर पदक नाही. जो लेखक स्वतःच घाईत होता, ज्याची वही अर्धी जळाली, त्याच्या न लिहिण्याला इतके वजन देणे हा तर्काचा दोष आहे.

हीच अमेरिका दुसऱ्या खिडकीवर वेगळे वागते, आणि हा माझ्या युक्तिवादातला सर्वांत भक्कम भाग आहे असे मला वाटते. माजी सैनिकांच्या पेन्शन आणि अपंगत्व भरपाईच्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की बाजू आणि विरुद्ध बाजू यांचा पुरावा सारख्याच वजनाचा असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा. पुढे जाऊन तोच कायदा सांगतो की प्रत्यक्ष लढाईत असलेल्या सैनिकाने ‘ही जखम मला तिथे झाली’ असे सांगितले आणि ते त्या लढाईच्या परिस्थितीशी जुळत असेल, तर सरकारी नोंद नसली तरी त्याचे सांगणे पुरेसे मानावे. कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते की खंदकात कारकून बसत नाही. १९९१ मध्ये माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या न्यायालयाने असेही ठरवले की सरकारच्याच ताब्यात असताना दप्तर नष्ट झाले असेल तर निर्णयाची कारणे सविस्तर देण्याचे आणि संशयाचा फायदा नीट तपासण्याचे कर्तव्य सरकारवर अधिक कडक होते. म्हणजे तत्त्व नवे काढायचे नाही, ते तयार आहे. पैशाच्या खिडकीवर सरकार म्हणते, कागद आम्ही हरवला, तेव्हा झुकते माप तुम्हाला. नोंदीच्या खिडकीवर तेच सरकार म्हणते, कागद नाही, तेव्हा आमचेच खरे. आणि या दोन खिडक्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. मी लढाईत होतो हे पहिल्या खिडकीवर दाखवायचे सर्वांत सोपे साधन म्हणजे शत्रूकडून जखमी झालेल्याला मिळणारे ‘पर्पल हार्ट’ पदक किंवा पायदळाचा तो बॅज. नोंदीत तो नसेल तर झुकते माप मिळण्याच्या रांगेतच उभे राहता येत नाही. पर्पल हार्टवर सरकारी दवाखान्यातला प्राधान्यक्रम अवलंबून असतो, आणि त्याच्या मानकऱ्यांना तिथे उपचाराचे ठरावीक शुल्क द्यावे लागत नाही. तेव्हा पदक म्हणजे छातीवरचा शोभेचा तुकडा, त्यासाठी एवढे कशाला, असे म्हणणाऱ्याने हा कागद कुठे कुठे मागतात ते एकदा पाहावे.

यावर गंभीर आक्षेप असा की कागदच नसेल तर निर्णय कशावर घ्यायचा? पर्पल हार्टसाठी जखम शत्रूच्या कृतीने झालेली हवी, उपचार झालेला हवा, उपचाराची नोंद हवी. जीप उलटून मोडलेला पाय त्यात बसत नाही. म्हाताऱ्या माणसाची आठवण प्रामाणिक असूनही चुकते. हे सगळे खरे आहे आणि मी ते हलके मानत नाही. पण ‘कागद नाही’ हे विधान बहुतेक वेळा अपुरे असते. सेंट लुईसच्या आगीनंतर दप्तरखान्यानेच दाखवून दिले की एक फाइल जळाली म्हणजे माणूस सगळीकडून पुसला जात नाही. तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल होते, त्यात कोण जखमी होऊन इस्पितळात गेला ते लिहिलेले असे. शेवटच्या पगाराची देयके होती. भरतीच्या आणि इस्पितळांच्या नोंदी होत्या. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि कोरियाच्या युद्धातल्या इस्पितळ दाखल्यांची भूसेनेच्या वैद्यकीय प्रमुखांच्या कार्यालयाने तयार केलेली माहिती तर १९८८ मध्ये दप्तरखान्याच्या हाती आली, आगीनंतर पंधरा वर्षांनी. हे सारे साहित्य सरकारच्या कुलपात आहे. ओहायोच्या खेड्यातल्या नव्वदीच्या माणसाला त्यातले काय कुठे आहे, कोणत्या नमुन्यावर मागायचे, हे कुठून कळावे? ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्यानेच आधी कपाट उघडावे, एवढी साधी मागणी आहे. शोध घेऊन काहीच सापडले नाही, तर मग सोबत्यांची शपथपत्रे, घरी पाठवलेली पत्रे, अंगातल्या धातूच्या तुकड्याचा एक्स-रे यांचे वजन प्रामाणिकपणे करावे. तरीही पारडे झुकले नाही तर नकार द्यावा. तो नकार मला मान्य असेल, कारण तो शोधानंतरचा असेल.

शौर्यपदकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे हजेरी पुरत नाही, कुणीतरी पाहिलेले असावे लागते, शिफारस वर जावी लागते, प्रत्येक पायरीवर कुणीतरी हो म्हणावे लागते. म्हणूनच तिथे नोंद राहून जाण्याचे कारण अपघातापेक्षा अधिक काळे असू शकते. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्या युद्धासाठी ‘मेडल ऑफ ऑनर’ ही तिथली सर्वोच्च शौर्यपदके चारशेहून अधिक दिली गेली, त्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता. हा योगायोग असू शकत नाही, पण योगायोग नाही हे सिद्ध करायला सरकारला १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाच्या संशोधकांना कामाला लावावे लागले. त्यांच्या अभ्यासानंतर १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते पदक देण्यात आले. सातांपैकी एकच जिवंत होता, व्हर्नन बेकर. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत व्हियारेज्जोजवळच्या डोंगरी किल्ल्यावर त्याने केलेल्या चढाईला बावन्न वर्षे होत आली होती. इथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच इटलीत, त्याच एप्रिलमध्ये, बेकरच्या लढाईनंतर काही दिवसांतच, ९ तारखेला, सेनिओ नदीच्या काठी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून वाहून नेले आणि एकट्याने मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस त्याच वर्षी मिळाला. परक्या राज्याच्या फौजेतला मराठा शिपाई तेव्हा पात्र ठरला आणि आपल्याच देशाच्या फौजेतला बेकर ठरला नाही. ब्रिटिशांच्या मोठेपणाचा दाखला म्हणून हे सांगत नाही, हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉसचे दार १९११ पर्यंत बंदच होते. पदक कुणाला मिळते यात शौर्याइतकाच नियम बोलतो, आणि नियम माणसे करतात, एवढेच यातून दिसते.

पहिल्या महायुद्धातल्या दोघांच्या नोंदी तर याहून बोलक्या आहेत. फ्रेडी स्टॉवर्स २८ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये एका टेकडीवर आपल्या तुकडीला पुढे नेताना मेला. त्याची मेडल ऑफ ऑनरची शिफारस झाली होती, ती पुढे सरकलीच नाही. १९९० मध्ये भूसेनेने जुनी दप्तरे चाळताना ती सापडली आणि १९९१ मध्ये ते पदक त्याच्या म्हाताऱ्या बहिणींच्या हाती आले. हेन्री जॉन्सन हा न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय रेजिमेंटचा शिपाई. मे १९१८ मध्ये रात्रीच्या पहाऱ्यावर जर्मन टोळीशी त्याची गाठ पडली. बंदूक, हातबॉम्ब आणि शेवटी सुरा घेऊन तो लढला, जखमी सोबत्याला शत्रूच्या हाती जाऊ दिले नाही, आणि स्वतःच्या अंगावर एकवीस जखमा घेतल्या. फ्रेंचांनी त्याला ‘क्रोआ द गेर’ दिले. स्वतःच्या देशाने काही दिले नाही. १९२९ मध्ये तो वारला. पर्पल हार्ट १९९६ मध्ये मिळाले, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस त्यानंतर काही वर्षांनी, मेडल ऑफ ऑनर २ जून २०१५ रोजी. शेवटच्या टप्प्याला बळ आले ते सेनापती पर्शिंग यांच्या मे १९१८ च्या एका संदेशाने. त्यात त्या रात्रीच्या झुंजीची दखल होती. तो संदेश कायम सरकारी संग्रहातच होता. ९३ वर्षे कुणी तो उघडून त्याची फाइल त्याच्याशी जुळवली नव्हती.

अशा फेरविचारावर घेतला जाणारा आक्षेप मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. आजच्या नजरेने कालचे निर्णय बदलू नयेत, त्या वेळचे अधिकारी रणांगणाच्या जवळ होते, आपण शंभर वर्षे दूर बसून त्यांच्यावर कुरघोडी करतो, असा तो आक्षेप. पण वरच्या उदाहरणांत आजचा निकष कुठे लावला आहे? स्टॉवर्सच्या शिफारशीचा १९१८ मध्ये विचार करायचा होता, तो झाला नाही. १९९१ मध्ये झाला तो तोच विचार, उशिरा. जॉन्सनला १९१८ चाच नियम लावला. आणि जे लोक म्हणतात की लष्करी नोंद एकदा झाली की ती दगडावरची रेघ, त्यांनी १९१७ साल आठवावे. त्या वर्षी भूसेनेच्या एका मंडळाने मेडल ऑफ ऑनरच्या यादीतून ९११ नावे काढून टाकली. त्यातली ८६४ नावे एकट्या सत्ताविसाव्या मेन रेजिमेंटची होती. यादवी युद्धात, १८६३ मध्ये, मुदत संपल्यावरही राजधानीच्या रक्षणाला थांबणाऱ्यांना पदक देऊ असे आश्वासन होते. थांबले सुमारे तीनशे, पण कोण थांबले याची नीट यादी नसल्याने पदक साऱ्या रेजिमेंटच्या नावाने निघाले. म्हणजे चुकीची नोंद देण्याच्या बाजूनेही होते, आणि तेव्हा सरकारने अर्धशतकानंतर मागे जाऊन ती निस्तरली. काढून घेण्यासाठी काळ आडवा आला नाही. मग भरून देण्यासाठी का यावा? त्याच ९११ नावांत मेरी वॉकर होती, यादवी युद्धात जखमींवर उपचार करणारी शल्यचिकित्सक, शत्रूच्या कैदेत राहून आलेली. तिने पदक परत करायला नकार दिला आणि १९१९ मध्ये मरेपर्यंत ते छातीवर लावले. १९७७ मध्ये भूसेनेच्या नोंद दुरुस्ती मंडळाच्या शिफारशीने तिचे नाव यादीत परत आले. हे पदक मिळालेली ती आजवरची एकमेव स्त्री.

नोंदीला इतके महत्त्व देणे हा अमेरिकी कागदपुजेचा भाग आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्याकडेच पाहावे. १८९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा स्वतः लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तीच मागणी भारतमंत्र्यांपर्यंत नेली. दोन्ही वेळा आधार एकच होता, आमच्या पूर्वजांनी या फौजेत सेवा केली आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्या लढाईच्या अर्थाविषयी कुणाचे काहीही मत असो, पण शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवलेल्या, ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नव्हती अशा समाजाकडे सरकारला नाकारता येणार नाही असा लेखी पुरावा होता, आणि तो दगडावर होता. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. नाव नोंदलेले असणे म्हणजे काय हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. आज आपल्या माजी सैनिकाला नोंदीबाबत तक्रार असेल तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. तिथेही अर्जाची साधारण मुदत सहा महिन्यांची, उशीर माफ करणे न्यायाधिकरणाच्या हाती. पेन्शनच्या हिशेबात ही मुदत एक वेळ समजू शकते. पण सरकारच्याच वहीतली चूक जुनी झाल्याने बरोबर कशी होते?

फसवणुकीची भीती खरी आहे. न मिळालेली पदके लावून मिरवणारे लोक सगळीकडे असतात. अमेरिकेने २००६ मध्ये त्यासाठी कायदा केला, पदकाविषयी नुसते खोटे बोलणेही गुन्हा ठरवले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. त्या निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी सुचवलेला उपाय माझ्या बाजूचा आहे: सरकारने पदकविजेत्यांची सर्वांना पाहता येईल अशी यादी ठेवावी, म्हणजे खोटे आपोआप उघडे पडेल. पण यादी तेव्हाच काम करते जेव्हा ती पुरी असते. अपुरी यादी खोट्याला पकडताना खऱ्यालाही खोटा ठरवते. ज्याच्या कागदावर पदक राहून गेले तो गावच्या संचलनात ते लावून उभा राहिला, तर उद्या कुणी यादी उघडून त्याला भामटा म्हणेल, आणि त्याच्याकडे उत्तर नसेल. तेव्हा फसवणूक रोखायची असेल तर दुरुस्तीचे दार अरुंद करून चालणार नाही.

उरतो तो आक्षेप सभ्य माणसे घेतात, कधी कधी माजी सैनिकच घेतात. खरा शिपाई पदकासाठी हात पसरत नाही, म्हणतात, आणि मागून मिळालेल्याची किंमत काय? मला यातली भावना कळते, पण तिच्यावर उभी राहिलेली व्यवस्था विचित्र फळ देते. जो मागत नाही तो खरा, आणि मिळते मात्र मागणाऱ्यालाच. म्हणजे नेमके ज्याला आपण मान देतो तोच यादीबाहेर राहतो, आणि ज्याला चिकाटी आहे, शिकलेला मुलगा आहे, ओळखीचा प्रतिनिधी आहे, तो आत जातो. १९४६ मध्ये खासगी विधेयके बंद केली ती याच कारणाने. शौर्यपदकांसाठी मुदतीनंतर जी वाट आजही आहे तिच्यात काँग्रेसच्या एखाद्या सदस्याने प्रकरण पाठवावे लागते, म्हणजे ओळखीची जुनी वाट मागच्या दाराने परत आली आहे. दुरुस्तीने पदकांची संख्या फुगते, मोल उतरते, हेही पटण्यासारखे नाही. दुरुस्तीने नवे पदक जन्माला येत नाही, मिळालेले किंवा नियमाने मिळायला हवे होते ते कागदावर येते. मोल उतरलेच असेल तर ते पात्र माणसे बाहेर आणि सत्ताविसाव्या मेनची अख्खी रेजिमेंट आत, अशा याद्यांनी उतरले.

तेव्हा सरकारने करायचे ते असे. ज्या पदकांची पात्रता नियमातच लिहिलेली आहे त्यांच्यासाठी अर्जाची वाट पाहू नये. युद्धकैद्यांच्या याद्या आहेत, पायदळाच्या बॅजचे आदेश आहेत, हजेरी अहवाल आहेत, ते एकमेकांशी जुळवून नोंदी आपणहून सुधाराव्यात आणि सैनिक हयात नसेल तर वारसाला पत्राने कळवावे. नोंद सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाली असेल तिथे पेन्शनच्या कायद्यातला संशयाचा फायदा मंडळांनीही लावावा. तीन वर्षांची मुदत नोंद दुरुस्तीपुरती काढूनच टाकावी, नाही तरी मंडळे ती वारंवार माफ करतातच. शौर्याच्या प्रकरणात कसोटी कडकच राहू दे, पण शिफारस गहाळ झाली असे दिसले की शोध सरकारने घ्यावा आणि लोकप्रतिनिधीच्या सहीची अट नसावी. हे काम मोठे आहे पण अशक्य नाही. १९७३ च्या आगीतून सुमारे ६५ लाख फायली ओल्या, बुरशी लागलेल्या, कडा जळालेल्या अवस्थेत बाहेर काढल्या होत्या. अवकाशयानांच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या निर्वात कक्षांत ठेवून त्या सुकवल्या. त्या काळ्या कडांच्या फायली आजही वेगळ्या थंड दालनात आहेत. कुणी चौकशी केली की हातमोजे घालून एकेक पान सोडवतात, बुरशी झाडतात आणि जे अक्षर उरले असेल ते वाचतात. पण कुणी चौकशी केली तरच.